विश्लेषण : घरातल्या वर्गापासून मताधिकारापर्यंत… रमाबाई रानडे यांनी स्त्रियांचे संघटन कसे उभे केले?

‘उंच माझा झोका’ या मालिकेमुळे २०१२ मध्ये रमाबाई रानडे हे नाव पुन्हा घराघरात पोहोचले. अकराव्या वर्षी लग्न होऊन पुण्यात आलेली मुलगी, तिला शिकवणारे न्यायमूर्ती पती आणि शिकण्याला विरोध करणाऱ्या घरातल्या बायका, हे चित्र अनेकांच्या मनात आजही ताजे आहे. मात्र रमाबाईंचे सर्वात मोठे काम त्यानंतरचे आहे. न्यायमूर्तींच्या निधनानंतरच्या सुमारे २३ वर्षांत त्यांनी पुण्यात स्त्रियांची अशी संस्था उभी केली, जिने विधवांना आणि विवाहितांना शिक्षिका, परिचारिका आणि कार्यकर्त्या बनवले. ही संस्था म्हणजे सेवासदन. घराबाहेर पडणेच अवघड असलेल्या काळात हे कसे शक्य झाले?

रमाबाई रानडे कोण होत्या?

रमाबाईंचा जन्म १८६२ मध्ये आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावी कुर्लेकर घराण्यात झाला. माहेरचे नाव यमुना. पुढे महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झालेले यशवंतराव चव्हाण याच गावात जन्मले. त्या काळच्या रीतीप्रमाणे घरात मुलींना लिहायला-वाचायला शिकवले जात नव्हते.

डिसेंबर १८७३ मध्ये त्यांचा विवाह महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. तेव्हा वधू ११ वर्षांची होती आणि वर ३१ वर्षांचा. रानडे यांच्या पहिल्या पत्नीचे काही आठवड्यांपूर्वीच निधन झाले होते. रानडे विधवाविवाहाचे उघड पुरस्कर्ते होते, त्यामुळे ते स्वतः विधवेशी विवाह करतील अशी सुधारकांची अपेक्षा होती. मुलाने तसे काही करण्याआधीच त्याचे लग्न लावून देण्याचा निर्धार वडिलांनी केला आणि रानडे यांनी वडिलांचा शब्द मोडला नाही. या निर्णयाबद्दल त्यांच्यावर तेव्हाही टीका झाली आणि आजही होते.

रमाबाईंच्या बाबतीत त्याचा परिणाम असा झाला, की बोलण्यात सुधारक आणि वागण्यात वडीलधाऱ्यांना न दुखावणारा, अशा माणसाच्या घरात त्यांचे शिक्षण सुरू झाले. सुधारणा आणि घर या दोन्हींना सांभाळून पुढे सरकण्याची जी पद्धत त्यांनी आयुष्यभर वापरली, तिची पहिली तालीम इथेच झाली.

शिकण्याला घरातूनच विरोध का झाला?

रानडे यांनी लग्नानंतर लगेच पत्नीला अक्षरे शिकवायला सुरुवात केली. मराठी झाल्यावर इतिहास, भूगोल, गणित आणि मग इंग्रजी असा क्रम होता. दिवसा घरकाम आणि रात्री अभ्यास असे ते वेळापत्रक होते.

घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना हे मुळीच पसंत नव्हते. बाईने शिकणे म्हणजे घराण्याला बट्टा, अशी समजूत तेव्हा सर्वत्र होती. त्यातच इंग्रजी शिकवायला मिस हर्फर्ड या ख्रिस्ती बाई येऊ लागल्या. शिकवणी संपली की रमाबाईंना आंघोळ करायला लावली जाई. थंडीत रोजच्या या आंघोळीने त्या आजारी पडल्या, तेव्हा नुसते लुगडे बदलण्यावर तडजोड झाली. टोमणे, अबोला आणि पंक्तीत वेगळे बसवणे हे प्रकार तर नेहमीचेच होते.

रमाबाईंनी यावर उलट उत्तर दिले नाही आणि अभ्यासही सोडला नाही. विरोध करणाऱ्या या बायका दुष्ट नव्हत्या, हे त्यांना पुरते ठाऊक होते. त्यातल्या काही स्वतः विधवा होत्या. ज्या चालीरीतींनी त्यांचे आयुष्य बांधून टाकले होते, त्याच चालीरीती त्या पुढच्या पिढीवर लादत होत्या. पुढे सेवासदनात शिकायला येणारी प्रत्येक बाई अशाच एखाद्या घरातून येणार होती. त्या घरात नेमके काय घडते, हे रमाबाईंना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

हळदीकुंकवातून संघटन कसे सुरू झाले?

१८७८ मध्ये रानडे यांची नाशिकला बदली झाली. पुण्याच्या मोठ्या एकत्र कुटुंबापासून दूर, रमाबाईंना इथे थोडा मोकळा श्वास मिळाला. बायकांची सभा हा शब्दच लोकांना खटकत असे. हळदीकुंकवाला मात्र कोणीही अडवत नसे. रमाबाईंनी नेमके हेच निमित्त धरले. हळदीकुंकवाला बायका जमल्या, की मुलींच्या शाळेविषयी बोलणे निघे आणि वाचन होई. त्यांचे पहिले जाहीर भाषणही नाशिकमध्येच, एका शाळेच्या कार्यक्रमात झाले. ते भाषण रानडे यांनी लिहून दिले होते.

पुढे पुण्यात परतल्यावर त्यांना आणखी मोठी संगत मिळाली. १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली. दर आठवड्याला बायकांनी एकत्र येणे, कोणीतरी विषय मांडणे आणि त्यावर इतरांनी बोलणे, ही पद्धत पुण्यातल्या स्त्रियांसाठी संपूर्ण नवी होती. रमाबाई रानडे या समाजाच्या सुरुवातीच्या सदस्यांपैकी एक होत्या.

याच काळात पुण्यात मुलींच्या हायस्कूलची मागणी जोर धरत होती. त्यासाठी झालेल्या सभेत गव्हर्नरांसमोर मागणीचे निवेदन इंग्रजीतून वाचण्याचे काम रमाबाईंनी केले. सभेत कौतुक झाले, पण घरी परतल्यावर बायकांची बोलणी खावी लागली. १८८४ मध्ये हे हायस्कूल सुरू झाले. आज ते हुजूरपागा म्हणून ओळखले जाते.

मुंबईतील वर्षांत काय घडले?

१८९३ मध्ये रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले आणि कुटुंब मुंबईला गेले. तिथे रमाबाई आर्य महिला समाजाच्या कामात रमल्या. हिंदू लेडीज सोशल अँड लिटररी क्लब या मंडळाच्या माध्यमातून भाषा, शिवण, प्रथमोपचार अशा विषयांचे वर्ग चालवले गेले.

पुढच्या कामाचा आराखडा या वर्गांतच दिसतो. नुसती भाषणे ऐकून बायका घरी जात आणि तिथे काहीच बदलत नसे. हातात एखादे कौशल्य आले की फरक पडत असे. शिवण येणारी बाई चार पैसे मिळवू शकत होती आणि प्रथमोपचार येणारीला घरात मान मिळत होता. विचार पटवून देण्याआधी उपयोग दाखवून द्यायचा, हा धडा मुंबईतच पक्का झाला.

एक कटू धडाही याच काळातला आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये विधवांसाठी शारदा सदन काढले आणि ते पुढे पुण्याला हलवले. काही विधवा ख्रिस्ती धर्माकडे वळत असल्याच्या आरोपावरून मोठे वादळ उठले. १८९३ मध्ये रानडे आणि डॉ. रा. गो. भांडारकर यांच्यासह हिंदू सल्लागार त्या कामातून बाहेर पडले. स्त्रियांच्या संस्थेवरचा विश्वास एकदा डळमळला, की आईबाप मुलींना परत घेऊन जातात, हे सर्वांनी पाहिले. पुढे सेवासदन चालवताना रमाबाई लोकांच्या विश्वासाला जे अतोनात जपत राहिल्या, त्यामागे ही पार्श्वभूमी आहे.

१९०१ नंतर आयुष्य कसे बदलले?

१६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती रानडे यांचे निधन झाले. रमाबाई तेव्हा ३८ वर्षांच्या होत्या. त्या मुंबई सोडून पुण्याला परतल्या आणि जवळपास वर्षभर सार्वजनिक जीवनापासून दूर राहिल्या.

त्या काळी उच्चवर्णीय विधवेच्या वाट्याला काय येई, हे इथे लक्षात घ्यायला हवे. शुभकार्यात तिला स्थान नसे. अनेक घरांत केशवपन, एकवेळचे जेवण आणि घरातल्या सर्वांची कामे हेच तिचे आयुष्य असे. स्वतःचे उत्पन्न नसल्याने सासर किंवा माहेर ठेवील तसे राहावे लागे. ज्या हळदीकुंकवातून रमाबाईंनी बायकांना जमवायला सुरुवात केली होती, तिथेही विधवेला बोलावणे नसे. नाव आणि राहायला घर असल्याने रमाबाईंची परिस्थिती इतरांपेक्षा बरी होती. पण त्यांच्यासारख्या हजारो बायकांकडे यातले काहीच नव्हते.

या काळात त्यांनी न्यायमूर्तींच्या धर्मविषयक व्याख्यानांचे संकलन प्रसिद्ध केले. १९१० मध्ये ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे त्यांचे पुस्तक आले. गोपाळ कृष्ण गोखले यांची त्याला प्रस्तावना आहे. मराठीतील सुरुवातीच्या स्त्री-आत्मचरित्रांत या पुस्तकाची गणना होते. मात्र ते न्यायमूर्तींच्या निधनापाशीच थांबते. स्वतःच्या स्वतंत्र कामाविषयी रमाबाईंनी असे पुस्तक लिहिले नाही. त्यांची पत्नी ही ओळख ठळक राहिली आणि संस्थापक ही ओळख मागे पडली, याचे हे एक कारण मानता येईल.

तुरुंग आणि रुग्णालयांपासून सुरुवात का?

पुन्हा बाहेर पडल्यावर रमाबाईंनी सर्वप्रथम वाट धरली ती येरवडा तुरुंगाच्या स्त्री विभागाची. तिथल्या कैदी स्त्रियांना भेटणे, त्यांच्याशी बोलणे आणि धार्मिक गोष्टी वाचून दाखवणे असा क्रम त्यांनी नियमित ठेवला. मुलांच्या सुधारगृहातही त्या जात. रुग्णालयात जाऊन रुग्णांना फळे, फुले आणि पुस्तके देणे हाही त्यांच्या नेमाचा भाग झाला.

हे काम वरवर पाहता साधे दान वाटते. पण त्याचे दोन परिणाम झाले. तुरुंग आणि सरकारी रुग्णालय ही प्रतिष्ठित घरातल्या स्त्रीने कधी पाऊल ठेवू नये अशी ठिकाणे मानली जात. न्यायमूर्तींची पत्नी तिथे नेमाने जाते म्हटल्यावर इतर बायकांनाही बरोबर जाणे सोपे झाले. दुसरे म्हणजे, रुग्णालयात स्त्री रुग्णांची किती आबाळ होते आणि त्यांची सेवा करणाऱ्या शिकलेल्या स्त्रिया किती कमी आहेत, हे रमाबाईंनी प्रत्यक्ष पाहिले.

१९०४ मध्ये मुंबईत भारत महिला परिषदेचे पहिले अधिवेशन झाले, त्याचे अध्यक्षपद रमाबाईंकडे होते. सामाजिक परिषदेच्या निमित्ताने एकत्र येणाऱ्या पुरुष सुधारकांच्या बरोबरीने स्त्रियांनी स्वतःचे व्यासपीठ उभे केले होते.

सेवासदनची स्थापना कशी झाली?

सेवासदनची मूळ कल्पना मुंबईतली आहे. पारशी समाजसुधारक आणि पत्रकार बेहरामजी मलबारी तसेच सिंधी न्यायाधीश दयाराम गिदुमल यांनी १९०८ मध्ये मुंबईत सेवासदन सुरू केले. कोणत्याही धर्माच्या भारतीय स्त्रियांनी एकत्र येऊन समाजाची सेवा करावी, अशी ही योजना होती. अध्यक्षपदासाठी त्यांनी रमाबाईंना गळ घातली.

पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, पुण्यात सेवासदनचे काम सुरू झाले आणि तेही रमाबाईंच्या राहत्या घरात. त्यांना साथ मिळाली ती गोपाळ कृष्ण देवधर यांची. गोखले यांनी १९०५ मध्ये स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे ते सदस्य होते. देवधरांनी संघटन, हिशेब, निधी आणि सरकारी पत्रव्यवहाराची बाजू सांभाळली. रमाबाईंचे घर आणि त्यांचे नाव ही संस्थेची सर्वात मोठी ठेव होती. सेवासदन चालते ते रानड्यांच्या वाड्यात आणि देखरेख खुद्द रमाबाईंची, एवढे कळले की अनेक कर्मठ घरांचे दरवाजे किलकिले होत.

१९१५ मध्ये पुणे सेवासदन ही स्वतंत्र संस्था म्हणून नोंदवली गेली. तोवर कामाचा पसारा मुंबईच्या मूळ संस्थेपेक्षा वेगळ्या वाटेने वाढला होता.

संस्थेत कोण येत आणि काय शिकत?

मुलींसाठी शाळा तेव्हा पुण्यात होत्या. प्रश्न होता तो शाळेचे वय उलटून गेलेल्या स्त्रियांचा. पंचवीस-तीस वर्षांची विधवा लहान मुलींच्या वर्गात बसू शकत नव्हती. दोन मुलांच्या आईला सकाळी घर सोडणे शक्य नव्हते. सेवासदनने मोठ्या वयाच्या या स्त्रियांसाठी दुपारचे वर्ग चालवले. स्वयंपाकपाणी आटोपले, की संध्याकाळच्या कामांपर्यंत मिळणारे दोन-चार तास हेच त्यांच्या शिक्षणाचे तास होते.

लेखन-वाचनाबरोबर इंग्रजी, शिवण, भरतकाम, संगीत, प्रथमोपचार आणि घरगुती शुश्रूषा असे विषय शिकवले जात. ज्यांना नोकरी करायची होती त्यांच्यासाठी दोन मोठे मार्ग खुले झाले. एक शिक्षिकेचा आणि दुसरा परिचारिकेचा. संस्थेने शिक्षिकांसाठी स्वतःचे प्रशिक्षण महाविद्यालय चालवले. बाहेरगावच्या विद्यार्थिनींसाठी वसतिगृहे काढली. वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या आणि शुश्रूषा शिकणाऱ्या मुलींची राहण्याची सोयही त्यात होती.

नेमके हेच दोन व्यवसाय का, याचे उत्तर व्यवहारात आहे. मुलींच्या शाळा वाढत होत्या, पण पुरुष शिक्षकांकडे मुली पाठवायला पालक तयार नसत. शिक्षिका नसेल तर गावात मुलींची शाळाच टिकत नसे. तीच गत रुग्णालयात. पुरुष डॉक्टरांकडून तपासून घेण्यापेक्षा बायका दुखणे अंगावर काढत. म्हणजे एका विधवेला शिक्षिका केले, की तिचा उदरनिर्वाह सुटे आणि एका गावातल्या मुलींची शाळाही सुरू राही. सेवासदनने या दोन गरजांची सांगड घातली.

नर्सिंगला एवढा विरोध कशासाठी होता?

आज परिचारिकेचे काम प्रतिष्ठेचे मानले जाते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्यातल्या मध्यमवर्गीय हिंदू घरांत त्याचा विचारही होत नसे. कोणत्याही जातीच्या रुग्णाला स्पर्श करावा लागणार, मलमूत्र साफ करावे लागणार, रात्रपाळी करावी लागणार आणि परपुरुषांच्या सान्निध्यात काम करावे लागणार. सोवळेओवळे, जात आणि स्त्रीची अब्रू या तिन्ही कल्पनांना या एका व्यवसायाने धक्का बसत होता. त्यामुळे हे काम ख्रिस्ती किंवा अँग्लो-इंडियन स्त्रियांचे, अशी वाटणी झाली होती.

रमाबाईंनी ससून रुग्णालयात विद्यार्थिनींच्या प्रशिक्षणाची व्यवस्था लावली. हा निर्णय सोपा नव्हता. एखादी जरी तक्रार आली, एखाद्या मुलीबद्दल जरी कुजबुज झाली, तरी सगळी संस्था बदनाम झाली असती. त्यासाठी वसतिगृहाची शिस्त कडक ठेवली गेली आणि मुलींच्या राहण्याजेवण्यावर बारीक लक्ष राहिले.

युक्तिवादाच्या पातळीवर रमाबाईंनी परंपरेचीच भाषा वापरली. घरातल्या आजारी माणसाची सेवा ही बाईचा धर्म मानला जातो. मग तीच सेवा शिकून, नीट पद्धतीने, घराबाहेरच्या आजारी माणसाची केली तर ती वाईट कशी, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता. सेवा हा शब्द कोणालाच नाकारता येत नव्हता. त्या शब्दाच्या आधाराने बायका पगाराच्या नोकरीपर्यंत पोहोचल्या.

यात्रा, दुष्काळ आणि स्वयंसेविका

सेवासदनचे काम चार भिंतींत थांबले नाही. आळंदीच्या यात्रेत येणाऱ्या स्त्री वारकऱ्यांच्या मदतीसाठी रमाबाई स्वयंसेविकांची पथके घेऊन जात. यात्रेच्या गर्दीत बायकांसाठी बायकांनीच उभे राहण्याची ही कल्पना तेव्हा नवी होती. १९१३ मध्ये गुजरात आणि काठियावाडात दुष्काळ पडला, तेव्हा त्या कार्यकर्त्यांसह तिकडे मदतीला गेल्या.

अशा मोहिमांतून स्वयंसेविकांनाही बरेच काही मिळत होते. आयुष्यात प्रथमच घरच्या पुरुषांशिवाय प्रवास, अनोळखी लोकांशी बोलणे, धान्य-कपड्यांचा हिशेब ठेवणे, सरकारी अधिकाऱ्यांशी व्यवहार, ही सगळी कामे त्यांनी स्वतः केली.

सेवेपासून हक्कापर्यंतचा प्रवास कसा झाला?

रमाबाईंना मवाळ मानले जाते. पण आयुष्याच्या शेवटच्या दशकात त्या दोन थेट राजकीय प्रश्नांवर ठामपणे उभ्या राहिल्या.

पहिला प्रश्न सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा. १९१८ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार मिळाला. पुण्यात वाद पेटला तो सक्ती फक्त मुलांसाठी करायची की मुलींसाठीही, यावर. पैसे पुरणार नाहीत, आधी मुलांचे पाहू, असे लोकमान्य टिळकांच्या बाजूचे म्हणणे होते. रमाबाईंनी मुलींना वगळण्यास विरोध केला. १९२० मध्ये पुण्यातील स्त्रिया या मागणीसाठी रस्त्यावर उतरल्या. ज्या शहरात चार दशकांपूर्वी बायकांच्या साप्ताहिक बैठकीवरून गहजब झाला होता, त्याच शहरातले हे दृश्य होते.

दुसरा प्रश्न मताधिकाराचा. १९१९ च्या सुधारणांनी स्त्रियांना मत द्यायचे की नाही, हा निर्णय प्रांतिक कायदेमंडळांवर सोडला. मुंबई इलाख्यात स्त्रियांच्या मताधिकारासाठी झालेल्या चळवळीचे नेतृत्व करणाऱ्यांत रमाबाई होत्या. १९२१ मध्ये मुंबई कायदेमंडळाने हा अधिकार मान्य केला. मालमत्तेची अट पुरुषांप्रमाणेच स्त्रियांनाही होती, त्यामुळे प्रत्यक्ष मतदार स्त्रियांची संख्या मर्यादितच राहिली. तरी केवळ बाई आहे म्हणून मत नाही, ही आडकाठी दूर झाली.

फिजी आणि केनियातील भारतीय मजुरांच्या प्रश्नावरही त्यांनी आवाज उठवला. सेवा करणाऱ्या बायकांनी राजकारणात पडू नये, असे मानणाऱ्यांना हे रुचले नाही. पण तुरुंग, रुग्णालय आणि दुष्काळ जवळून पाहिल्यावर, व्यवस्था बदलल्याशिवाय हे प्रश्न सुटत नाहीत, हे उघड झाले होते.

या कामाच्या मर्यादा कोणत्या?

रमाबाईंचे काम पुण्यातले पहिले नव्हते. सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी १८४८ मध्येच मुलींची शाळा सुरू केली होती आणि ती शूद्रातिशूद्रांसाठीही खुली होती. धोंडो केशव कर्वे यांचा विधवांसाठीचा आश्रम १८९६ पासून सुरू होता. सेवासदनच्या सुरुवातीच्या काळात येणाऱ्या स्त्रिया बहुतांशी उच्चवर्णीय, मध्यमवर्गीय होत्या. शेतात, गिरणीत किंवा दुसऱ्याच्या घरी राबणाऱ्या स्त्रियांना घराबाहेर पडण्याची परवानगी मागावी लागत नव्हती. त्यांचे प्रश्न मजुरीचे, जातीचे आणि कर्जाचे होते. त्या प्रश्नांना सेवासदनने फारसा हात घातला नाही.

परंपरेच्या भाषेत बोलण्याचीही किंमत होती. सेवा हाच स्त्रीचा धर्म, असे सांगून बायकांना नोकरीपर्यंत नेता आले. पण शिक्षिका आणि परिचारिका ही बायकांचीच कामे, हा समजही त्यातून घट्ट झाला. या दोन्ही क्षेत्रांतल्या कमी वेतनाची मुळे शोधताना काही अभ्यासक सेवेच्या या आदर्शाकडे बोट दाखवतात.

तरीही त्यांच्यासमोरच्या पर्यायांचा विचार करायला हवा. उघड संघर्षाची वाट ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्येच ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून दाखवली होती. ते पुस्तक काळाच्या फार पुढचे ठरले आणि दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले. रमाबाईंनी संथ वाट निवडली, पण त्या वाटेवर चालणाऱ्या बायकांची संख्या सतत वाढत गेली.

मागे काय उरले?

१९२४ मध्ये रमाबाईंचे निधन झाले, तेव्हा पुणे सेवासदनच्या विविध विभागांत हजाराहून अधिक स्त्रिया शिकत होत्या. महात्मा गांधी यांनी ‘यंग इंडिया’तून त्यांना श्रद्धांजली वाहिली. ऑगस्ट १९६२ मध्ये, जन्मशताब्दीनिमित्त, टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. पुणे, मुंबई, सोलापूर, नागपूर या शहरांत सेवासदन हे नाव धारण करणाऱ्या संस्था आजही शिक्षणाचे काम करत आहेत.

मोठ्या वयात शिकणाऱ्यांच्या सोयीची वेळ, बाहेरगावच्यांसाठी वसतिगृह, शिकल्यावर लगेच मिळू शकेल असे काम आणि घरच्यांचा विश्वास बसेल अशी देखरेख, या चार गोष्टी सेवासदनने एकाच ठिकाणी आणल्या. यातली एकही कमी पडली असती, तर बहुतेक विद्यार्थिनींचे शिक्षण अर्ध्यावर सुटले असते. वेळ जुळली नसती तर विवाहिता आल्या नसत्या. वसतिगृह नसते तर गावातल्या विधवा पुण्यापर्यंत पोहोचल्या नसत्या. आणि काम मिळाले नसते, तर शिकलेल्या बाईलाही पुन्हा त्याच घरात, त्याच माणसांच्या मर्जीवर राहावे लागले असते.

आज बचत गट, महिला मंडळे आणि कौशल्य प्रशिक्षण केंद्रे गावोगावी आहेत. तिथेही वर्गाची वेळ, राहण्याची सोय, घरच्यांची परवानगी आणि शिकल्यानंतरचे काम हेच प्रश्न समोर येतात. मुलगी शाळेत जाते, पण लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या बाईने पुन्हा कुठे जायचे, या प्रश्नाचे एक उत्तर पुण्यातल्या त्या वाड्यात १९०९ मध्येच तयार झाले होते.